उस्तादांची जीभ

माझ्या मावशीच्या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. टॉफीच्या कारखान्यात ते पाक शिजवायचे. तांब्याच्या अवाढव्य कढईत साखर वितळून तांबूस झाली, साय आणि लोणी पडलं, की उस्ताद लांब दांड्याचा चमचा आत बुडवत, फुंकर घालून थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवत आणि डोळे मिटत. मग एक तर मान हलवत, नाहीतर थुंकत. मान हलली की माल पुढे. थुंकले की अख्खी कढई गटारात. तिथे मालकाचंसुद्धा काही चालत नसे.

मावशी त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. टॉफी कागदात गुंडाळायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा, पुढची उचलायची. लग्न कसं ठरलं ते ती कधी धड सांगायची नाही. "त्यांनी मुकादमाला विचारलं, मुकादमाने माझ्या बाबांना विचारलं. मला विचारायचं तेवढं राहून गेलं," असं म्हणून हसायची.

लग्नानंतर उस्तादांनी तिला नावाने हाक मारली नाही. "ए पॅकिंग!" म्हणायचे. "ए पॅकिंग, पाणी आण. ए पॅकिंग, हे सूप आहे की फडक्याचं पिळवण?" पहिला घास जिभेवर ठेवून ते घरीही डोळे मिटत आणि बहुतेक वेळा थुंकत. पाहुणे असले की हमखास. मावशी फडकं घेऊन उभीच असायची. पुसायची, ताट उचलायची, दुसरं काहीतरी करून आणायची. लोक म्हणायचे, बाई लोण्यासारखी मऊ आहे, म्हणून निभावलं. पुढे चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडेच मागच्या खोलीत राहायला गेले, आणि मलाही तसंच वाटायचं.

आयुष्यभर ज्यांनी साखरेवर राज्य केलं, त्यांचे शेवटी साखरेनेच पाय धरले. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी तो काढला, मग शेजारची दोन बोटं काढली. जखम चिघळली, ताप डोक्यात चढला, जालीम औषधांनी तोंड सोलून निघालं. उस्ताद घरी आले ते निम्मे होऊन. कारखाना सुटला. डॉक्टरांनी मावशीला बजावून सांगितलं, "साखर पूर्ण बंद. पाव, बटाटा, पिठाचं काहीही अगदी नावाला. नाहीतर पुढच्या वेळी पाय घोट्यापासून काढावा लागेल."

उस्तादांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसून म्हणाले, "कॅरॅमल कुठंय?"

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरने कधी पाक शिजवलाय? पावावर कॅरॅमल लावल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. नसेल तर मी खाणार नाही."

आणि खाल्लं नाही. साखर उतरवायची गोळी मात्र घेतली. दुपारी अंग थरथरायला लागलं, घामाने सदरा भिजला, शेजारच्यांना बोलावून त्यांच्या तोंडात रस ओतावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मावशीकडे बघितलं ते असं, की हे सगळं तिनेच केलंय.

मग मावशी बिनसाखरेचं कॅरॅमल शिकायला बसली. माझ्या मोबाइलवर बायका ते कसं करतात ते बघायची, पुन्हा मागे नेऊन बघायची. बाजारात गोडीच्या नाना पावडरी मिळतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. पहिली आणली ती एरिथ्रिटॉलची. शिजताना छान विरघळली, सायीत मिसळली. गरम असताना मी चाखलं तर चक्क बरं होतं. सकाळी बरणी उघडली तर आत वाळू. दातांखाली करकर, आणि वर पुदिना खाल्ल्यासारखा गारवा. उस्ताद कचाकच चावून थुंकले. "वा! पॅकिंगवालीने आता रस्ते बांधायला घेतले."

दुसरी पावडर दुकानदाराने शपथेवर दिली. तिचं मऊसूत झालं, पण पोट असं बिघडवलं की उस्तादांना त्या अर्ध्या पायाने दिवसभर संडासाच्या वाऱ्या कराव्या लागल्या. मावशी आधाराला, आणि प्रत्येक फेरीला तिच्या माहेरच्या एकेका माणसाचा उद्धार.

तिसरी होती अ‍ॅल्युलोज. ही साखरेसारखी खरोखर तांबूस होते, फक्त फार लवकर. जरा नजर हटली की कडू. मावशीने जाड बुडाचं पातेलं घेतलं, आच मंद ठेवली. पावडर आधी कडेने ओली झाली, मग मधोमध वितळली, मग सोनेरी, मग तांबूस. शेजारच्या शेगडीवर साय कोमट करून ठेवलेली. गार घातली तर अंगावर उडते. ती थोडी थोडी ओतायची, फसफस बसली की लोणी, मीठ, आणि लाकडी कालथ्याने सावकाश ढवळत राहायचं. उस्ताद स्वयंपाकघरातच एका स्टुलावर बसून, बँडेजमधला पाय दुसऱ्या स्टुलावर टाकून, उंटावरून शेळ्या हाकायचे. "हात चालव. तसा नाही. अगं, कढई आहे ती, पाळणा नाही."

एकदा साय उसळली आणि तिचं मनगट भाजलं. कातडी तिथल्या तिथे पांढरी झाली. ती नळाखाली हात धरून उभी होती तेव्हा उस्ताद म्हणाले, "बरं झालं. या घरात एक तरी वस्तू नीट भाजली गेली."

मी भांडायला पुढे झाले. मावशीने मान हलवून मला थांबवलं.

शेवटी जमलं. मी ते विसरलेले नाही. जुन्या लाकडाचा रंग, चमच्यावरून रिबिनीसारखं ओघळणारं, फ्रिजमध्ये राहूनही न गोठणारं, आधी गोड, मग किंचित करपट, आणि अगदी शेवटी मिठाची आठवण. बदामाच्या पिठाच्या पावावर लावून मावशीने वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना दिलं. त्यांनी खाल्लं, बोट चाटलं, मग चमचाही चाटला. "यात साखर नाही? खोटं बोलू नका हो." डॉक्टरांच्या कंपाउंडरनेही एक बरणी मागून नेली.

उस्तादांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि बेसिनमध्ये थुंकले. "चिखल."

मावशीने मीठ वाढवलं. "चिखल." लोणी आधी तांबूस करून घेतलं. "चिखलात लोणी." रंग एक छटा गडद केला, दोन छटा फिका केला. असं महिनोन् महिने चाललं. तिची झोप गेली, गालफडं बसली. आणि रोज सकाळी ते थुंकणं. मला वाटायचं, ही बाई एक दिवस ते पातेलं त्यांच्या डोक्यात घालेल. पण ती फडकं घ्यायची आणि बेसिन पुसायची.

शिंपीणबाईंच्या घरी काही समारंभ होता. त्यांनी साखर घालून केलेली एक बरणी मागितली. मावशीने एकाच सकाळी दोन्ही केली. साखरेच्या बरणीच्या गळ्याला खूण म्हणून लाल दोरा बांधला आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी दुकानात निघायच्या तयारीत होते. स्वयंपाकघरातून ओळखीची पिचकारी ऐकू आली. मावशीही तेवढ्यात खाली आली.

उस्ताद बेसिनशी उभे होते. हातात चमचा, ओट्यावर उघडी बरणी. गळ्याला लाल दोरा.

"पुन्हा तेच!" ते ओरडले. "तीच खोटी गोडी! साखरेची सर कशाला येते का? हे लावून भिंतीवर पोस्टर चिकटव!"

मावशी आधी घाबरली. "अहो, गिळलं तर नाही ना?" असं तिच्या तोंडून गेलं. मग ती बरणीकडे बघत राहिली. त्यात त्यांचंच कॅरॅमल होतं. कारखान्याचं, त्यांनीच ठरवलेल्या मापाचं, खऱ्या साखरेचं, ज्याच्यावर त्यांनी हजारो वेळा मान हलवली होती.

तिने झाकण लावलं. पण तिचा चेहरा मी बघितला. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, नाहीतर हायसं तरी वाटेल. तिथे मला दिसला तो आनंद. लहान मुलीला खेळणं मिळावं तसा.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायलाच हवी. तिने त्यांना संधी दिली. त्याच संध्याकाळी त्यांच्या पायाचं बँडेज बदलताना तिने हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला चव लागते ना? त्या तापापासून काही वेगळं वाटतं का? डॉक्टरांना सांगू या. कुणाला कळायची गरज नाही."

क्षणभर मला वाटलं, आता बोलतील. त्यांच्या हनुवटीपाशी काहीतरी हललंही. मग ते म्हणाले, "तुझ्या हातचं खाऊन कुणाचीही जीभ मरेल."

मावशीने बँडेजची शेवटची गाठ मारली. जरा घट्टच.

त्यानंतर ती त्यांना निरखायला लागली. खाताना समोर बसायची. आंधळा काठीने रस्ता ओळखतो तसे ते तोंडात शोधत असायचे. गरम आहे की गार, घट्ट आहे की पातळ, चिकटतंय की घसरतंय, एवढ्यावरून अंदाज बांधायचे आणि मग शिव्या द्यायचे. शिव्या दिल्या की कुणी पुढे विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा तिने सुपात मीठच घातलं नाही. "खारट!" म्हणून त्यांनी वाटी सरकवली. ती म्हणाली, "चुकलंच माझं," आणि आत येऊन माझ्यासमोर ओट्याला टेकून पोट धरून हसली, आवाज न करता.

कारखान्यातून निरोप आला की उस्तादांना भेटायला जुनी मंडळी येणार आहेत. तिघं आले. म्हातारे मुकादम, भट्टीवाला, आणि उस्तादांच्या जागी आता जो पाक शिजवत होता तो. त्याला सगळे धाकटा उस्ताद म्हणत. उमेदवारीत असताना त्याने एकदा कढई करपवली, तेव्हा उस्तादांनी तोच गरम चमचा त्याच्या हातावर ठेवला होता. डाग अजून होता. तरी तो आला होता, आणि येताना फळं घेऊन आला होता.

उस्ताद खुलले. नवा सदरा घातला होता. भट्टीवाला म्हणाला, "उस्ताद, तुम्ही गेलात आणि मालाची रया गेली." झालं. जिभेला हाड नसतं, आणि उस्तादांच्या तर कधीच नव्हतं. धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या जिभेवर घट्टे पडलेत. मी आजही डोळे बांधून सांगेन, साखर कुठली, लोणी कुठलं, कढई कितीदा ढवळली."

"मग बांधाच की," मावशी दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या हातात धुतलेला, घडी घातलेला रुमाल होता.

"हो हो, होऊन जाऊ दे!" भट्टीवाला टाळी देत म्हणाला. उस्ताद क्षणभर थबकले. पण तिघांसमोर आता मागे कसे हटणार? नाकाने कांदे सोलण्यात जन्म गेलेला. "आण," ते म्हणाले. "तिला वाटतं मी तिचा चिखल ओळखणार नाही."

मावशीने रुमाल बांधला. मग आतून ट्रे आणला. तीन वाट्या. पहिल्या वाटीत तिचं बिनसाखरेचं, दुसऱ्या वाटीत कारखान्याच्या मापाचं साखरेचं, दोन्ही फ्रिजमधून नुकती काढलेली, गार, जड. तिसरी वाटी कोमट होती. तिच्यात पांढरीफटक, गुळगुळीत, वरून लोण्याचा हात फिरवलेली खळ होती. कणकेची खळ, कागद चिकटवायची.

मी उठलेच होते. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि मी परत बसले. मुकादमांनी वाटीत बघितलं, मग मावशीकडे बघितलं. धाकट्याच्या भुवया वर गेल्या. भट्टीवाल्याला वाटलं काही गंमत आहे. तो तोंडावर हात ठेवून बसला.

पहिला चमचा. उस्तादांनी तोंड हलवलं. "हिचं. चिखल." बरोबर आलं, आणि मला उगाच धीर आला.

दुसरा चमचा, अगदी टोकावर, नखाएवढा. त्यांनी जीभ टाळूवर फिरवली. "हेही हिचंच. दोन बरण्या करून मला फसवते काय?"

धाकट्याने मुकादमांकडे बघितलं.

तिसरा. कोमट खळ जिभेवरून सरकत गेली. उस्तादांनी डोक्याला हेलकावा दिला, पूर्वी कढईपाशी द्यायचे तसा. आणि मान हलवली. "हे!" ते म्हणाले. आवाज भरून आला होता. "हे खरं. ही माझी चव आहे. तांब्याच्या कढईतली. ए धाकट्या, हे तू आणलंस ना? शिकलास म्हणायचा. चाखा, सगळ्यांनी चाखा!"

कुणी बोलेना.

"काय झालं? बोला की."

धाकट्याच्या नाकातून हवा निघाली. त्याने ती आवरायचा प्रयत्न केला, खोकल्यावर नेली, पण ते हसूच होतं. एकदा फुटलं ते थांबेना. डाग असलेला हात मांडीवर आपटत तो हसत राहिला. भट्टीवाला त्याला "अरे, अरे" करत होता आणि करता करता स्वतःच हसला. मुकादम उठले आणि दाराशी जाऊन बूट घालायला लागले. लेस त्यांना बांधता येईना.

उस्तादांनी स्वतःच रुमाल काढला. वाटी बघितली. बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. ते बोट तसंच धरून बसले. मावशी म्हणाली, "मीच केली. चांगली जमलीय ना? पोस्टरं चिकटवायची होती."

पाहुणे गेले. फळं तशीच राहिली.

बातमी आठवड्याच्या आत कारखानाभर झाली. कुणी मुद्दाम सांगितली असं नाही. अशी गोष्ट कुणाच्या पोटात राहते? पॅकिंगच्या पोरी म्हणे खळीच्या डब्याला 'उस्ताद' म्हणायला लागल्या. कारखान्यातून मग कुणीच आलं नाही. उस्तादांचं थुंकणं बंद झालं. शिव्याही बंद झाल्या. जे वाढलं ते खायचे, वाटी पुसून ठेवायचे.

मावशीही बदलली. आधी तिच्या तोंडी त्यांच्यासाठी कायम "ते" असायचं. ते जेवले का, ते उठले का. आता "तो" झालं. "त्याला औषध दे. तो झोपलाय." त्यांच्या तोंडावरसुद्धा. मी दचकायचे, ते नाही.

एकदा मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. एव्हाना साखर डोळ्यांतही उतरली होती. आमच्या दुकानातला कुठलाही चष्मा आता त्यांच्या कामाचा नव्हता. ते आपणहून म्हणाले, "मला तेव्हापासूनच ठाऊक होतं. हॉस्पिटलात शुद्धीवर आलो, नर्सने रस पाजला. तो रस होता की पाणी, कळलं नाही. सगळं कापसासारखं."

"मग काका, मावशीला सांगायचं होतंत. तिने त्या दिवशी एवढं विचारलं."

"तिला?" ते म्हणाले. "माझ्याकडे तेवढी एकच वस्तू होती गं. ती गेली असं पॅकिंगला सांगू?"

मी हे मावशीला सांगितलं. मला वाटलं, ती निवळेल. ती पातेलं घासत होती. शिंपीणबाईंमुळे आता चार घरांतून बिनसाखरेच्या कॅरॅमलची मागणी होती, आणि ती जीव लावून करायची. "बघ," ती म्हणाली, "अजूनही पॅकिंगच."

उस्ताद त्यानंतर चांगली काही वर्षं जगले. डॉक्टर म्हणायचे, पथ्य उत्तम पाळलंय, तुमच्या मिसेसची कमाल आहे. ते खरंच होतं. तिने त्यांना उपाशी ठेवलं नाही, औषध चुकवलं नाही, अंथरूण कधी ओलं राहू दिलं नाही. फक्त जेवायला बसलं की ते विचारायचे, "काय आहे?" आणि ती सांगायची. कधी खरं, कधी मनाला येईल ते. ऑम्लेटला कोंबडी म्हणायची, वांग्याच्या भरताला कलेजी. ते त्याप्रमाणे चावायचे, त्याप्रमाणे "बरी शिजलीय" म्हणायचे. आता ते कशालाच वाईट म्हणत नसत.

"मावशी, पुरे आता," मी एकदा म्हटलं.

"मी काय केलं? तो विचारतो, मी सांगते."

माझी बदली ठरली, त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याबरोबर शेवटची जेवायला बसले. मावशीने त्यांच्या ताटात उकडून कुस्करलेला फ्लॉवर वाढला. "काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मासा," ती म्हणाली. "काटे आहेत, जपून."

उस्ताद ताटावर वाकले. एकेक घास चिमटीत धरून ते काटे शोधू लागले. मधूनच काही सापडल्यासारखं करून ताटाच्या कडेला ठेवत. मावशी समोर हनुवटीवर हात ठेवून बसली होती. घाई नव्हती तिला. बऱ्याच वेळाने त्यांनी ताट माझ्या बाजूला किंचित सरकवलं.

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "बघ जरा, निघाले का सगळे?"

मी मावशीकडे बघितलं. मग ताटाकडे.

"निघाले, काका," मी म्हटलं. "जेवा."